कापडाचे मीटर, ताण्याचे मीटर

काशिनाथ पाटलांनी ताका माझ्या टेबलावर आपटला. खाली मी लिहिलेले कागद होते, ते पंख्याने उडायचे तेवढे थांबले.

"मोजा," ते म्हणाले. "तुमच्याच टेपानं मोजा. मंग सांगा कोनाची चूक हाय ती."

मी कर्णिक सरांकडे पाहिलं. सर हनीफशेठकडे पाहत होते. आमचं यंत्र ज्यांच्या कारखान्यात बसलं होतं ते हनीफशेठ दारातच उभे होते, आत यायला तयार नव्हते. मोजायची गरज कोणालाच नव्हती. ताका याही वेळी लांब भरला होता.

ताका म्हणजे मागावरून उतरलेला, ठरलेल्या लांबीचा कापडाचा तुकडा. भिवंडीत कापड ताक्यांमध्ये बोललं जातं. व्यापारी मागवाल्याला सूत देतो आणि त्याचे इतके ताके होतील असं ठरवतो. परत घेताना तो ताके मोजतो, मीटर नाही. पाटलांच्या बीमाचे, म्हणजे धाग्यांच्या एका रुळाचे, ताके लांब निघत होते आणि शेवटचा अगदी अर्धामुर्धा. म्हणजे मोजणीत एक ताका कमी. व्यापारी त्यांना स्पष्ट काही म्हणाला नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं, "पाटील, बाकी सूत कुठं गेलं?"

वळ गावात पाटलांच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग होते. शेती होती, पण घर मागावर चालत होतं. "आमच्या बापाला कोनी असं इचारला नवता," ते सरांना म्हणाले. मग आवाज खाली आणून, "गावान बोलतान लोकं. सूत इकतंय म्हनं पाटील."

हनीफशेठ तेव्हा पहिल्यांदा बोलले. "कर्णिकसाहब, मशीन आपकी अच्छी होगी. मैं पढ़ा-लिखा आदमी नहीं. लेकिन पाटीलचं पुढचं बीम माझ्याकडे सूत आलं की लागेल. वो भी गलत निकला, तो पुराना काउंटर वापस लगेगा. आपका डब्बा आप ले जाना."

तो डबा म्हणजे आमची सगळी कंपनी होती.

*

कंपनी हे मोठं नाव झालं. कल्याण रोडवर एका गोदामाच्या वरचा गाळा, त्यात दोन टेबलं, एक ऑसिलोस्कोप, सोल्डरिंगचा धूर, सर आणि मी. कर्णिक सर मुंबईतली नोकरी सोडून भिवंडीत आले, कारण त्यांच्या मते जिथे यंत्रं आहेत तिथे इलेक्ट्रॉनिक्स गेलं पाहिजे. मी आले, कारण माझे वडील भिवंडीतच डॉक्टर आहेत आणि गाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. मी शाळेपासून इंग्रजी माध्यमात शिकले. गावात वाढूनही गावाशी माझं बोलणं कमीच होतं. सरांनी इंटरव्ह्यूमध्ये विचारलेल्या प्रश्नांना मी एकेका शब्दात उत्तरं दिली होती. "बोलते कमी, लिहीत असेल बरं," असं म्हणून त्यांनी मला घेतलं.

आमचा डबा सायझिंगच्या मशीनवर बसायचा. मागावर चढण्याआधी उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावावी लागते, नाहीतर ते मागावर तुटतात. हे काम वेगळ्या कारखान्यात होतं, त्याला सगळे सायझिंगच म्हणतात. शेकडो धागे एकत्र गरम खळीच्या हौदातून जातात, वाफेच्या सिलिंडरांवर वाळतात आणि एका मोठ्या रुळावर गुंडाळले जातात. तो रूळ म्हणजे बीम. वाटेत दर ताक्याच्या लांबीवर धाग्यांवर रंगाची एक खूण मारली जाते. विणणारा त्या खुणेपर्यंत विणतो आणि तिथे कापतो. खूण चुकली की ताका चुकला.

पूर्वी ही लांबी दात्यांच्या चाकांचा काउंटर मोजायचा. आमच्या डब्यात मायक्रोप्रोसेसर होता. लांबी मोजणाऱ्या रोलरला एक चकती लावली होती. ती फिरली की पल्स, म्हणजे विजेचे ठोके, यायचे. पल्सवरून मीटर काढायचे. मीटरवरून खूण मारायची आणि शेवटी मशीन थांबवायचं. शिवाय खळीचं तापमानही तोच डबा सांभाळायचा. रफिक म्हणून सायझिंगचा ऑपरेटर होता. त्याने समोरच्या आकड्यांच्या चकत्या फिरवून ताक्याची लांबी आणि ताक्यांची संख्या लावायची, एवढंच त्याचं काम.

प्रोग्रॅम आम्ही असेंब्लीत लिहीत होतो, म्हणजे जवळजवळ प्रोसेसरच्याच भाषेत. या भाषेत सगळ्या गोष्टी फक्त आकडे असतात. मेमरीच्या एका कप्प्यात मीटर आहेत, शेजारच्या कप्प्यात पल्स, त्याच्या शेजारी तापमान. तुम्ही मीटरमध्ये तापमान मिळवलंत तर प्रोसेसर बेरीज करून देतो. त्याला काहीच वावगं वाटत नाही.

*

पाटील गेल्यावर सर म्हणाले, "स्पाइक. शंभर टक्के स्पाइक. या एरियातली लाइन बघ. एकेका फीडरवर किती लूम आहेत. मोटर सुरू झाली की लाइनमध्ये धक्का येतो, काउंट बिघडतो."

"पण सर, मग कधी कमी, कधी जास्त व्हायला हवा," मी म्हटलं. "इथे नेहमी जास्तच भरतो."

हे वाक्य बोलेपर्यंत दुपार झाली होती. मनात ते सकाळीच तयार होतं.

लाइनचे धक्के शोषायला आणलेला कपॅसिटर सरांनी हातातच धरून ठेवला. "मग तुझं काय म्हणणं?"

माझं म्हणणं असं होतं की प्रोग्रॅममध्ये कुठेतरी एका प्रकारचा आकडा दुसऱ्या प्रकारच्या आकड्याशी मिसळला जातोय. तो डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नव्हता. पानं दोघांनी अनेकदा वाचली होती. मला शोधण्याचं काम असेंबलरवर टाकायचं होतं. असेंबलर म्हणजे आमच्या लिखाणाचं मशीनच्या कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम. तो मुंबईतल्या एका संगणक केंद्रातल्या मोठ्या मशीनवर चालायचा. आम्ही कार्डं पंच करून पाठवायचो आणि छापील लिस्टिंग परत यायचं.

त्या असेंबलरमध्ये मॅक्रोची सोय होती. मॅक्रो म्हणजे नेहमी लागणाऱ्या चार ओळींना दिलेलं एक नाव. ते नाव लिहिलं की असेंबलर त्या जागी चार ओळी स्वतः घालतो. सर मॅक्रो वापरायचे ते हात वाचवण्यासाठी. मला ते चौकशीसाठी वापरायचे होते.

"प्रत्येक कप्पा जाहीर करतानाच त्याचा प्रकार सांगायचा," मी कागदावर लिहीत लिहीत सांगितलं. कागदाकडे बघत बोललं की मला सोपं जातं. "मीटर, पल्स, तापमान किंवा नुसती संख्या. मॅक्रो त्या कप्प्याच्या नावाला एक छुपं नाव जोडेल, आणि त्यात प्रकाराचा नंबर ठेवेल. बेरजेचा मॅक्रो आधी दोन्ही छुपे नंबर बघेल. सारखे असतील तर बेरीज लिहील. नसतील तर मुद्दाम चुकीची ओळ लिहील. असेंबलर तिथे अडेल."

"आणि ही सगळी चौकशी ROM मध्ये कुठे ठेवणार? माझ्या डोक्यावर? मॅडम, चिप भरत आली आहे आपली."

"ROM मध्ये काही जात नाही, सर."

"काही म्हणजे?"

"एकही बाइट नाही. चौकशी असेंबलर करतो, मुंबईत. चिपमध्ये फक्त बेरीज येते."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईने पुढे म्हटलं, "आपल्याकडे पंधरा अँपिअरची पिन पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये जातच नाही ना? त्यासाठी वीज जास्त लागत नाही. भोकांचा आकारच वेगळा असतो."

सर इलेक्ट्रिकलचे माणूस. त्यांनी कपॅसिटर खाली ठेवला.

"कर," ते म्हणाले. "पण माझ्या मार्किंगच्या रूटीनला हात लावायचा नाही. चालतंय ते हलवायचं नाही."

मार्किंगचं रूटीन म्हणजे खुणा कुठे मारायच्या आणि मशीन कुठे थांबवायचं ते ठरवणारा भाग. तो सरांनी कंपनी सुरू करण्याआधी, घरच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला होता. मी मान डोलावली.

*

मॅक्रो लिहिणं वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. असेंबलरला नावं सहा अक्षरांपर्यंतच चालायची. छुप्या नावासाठी एक अक्षर मला हवं होतं, म्हणजे बाकी सगळ्या नावांना पाचच उरली. सरांना आपली नावं कापलेली आवडली नाहीत. "हे काय नाव आहे? माझाच व्हेरिएबल मला ओळखू येत नाही," असं ते दर थोड्या वेळाने म्हणायचे.

मग नियम ठरवायचे होते. मीटरमध्ये मीटर मिळवता येतील. मीटरला संख्येने गुणता येईल, उत्तर मीटरच. मीटरला मीटरने गुणलं तर अडवायचं, कारण आमच्या डब्याला चौरस मीटरचं काही काम नव्हतं. पल्सचे मीटर करायला एकच मॅक्रो, दुसरी वाट नाही. आणि सगळ्यात कठीण नियम स्वतःसाठी होता: मॅक्रो सोडून उघड्या सूचना लिहायच्या नाहीत. कुलूप कितीही चांगलं असलं तरी खिडकीतून आत येणाऱ्याला ते अडवत नाही.

मुद्दाम चुकीच्या ओळीत एक असं नाव हवं होतं जे प्रोग्रॅममध्ये कुठेच नाही. मी इंग्रजी अक्षरांत "काय हे" लिहिलं. पाच अक्षरांत बसलं. घरी आई ज्या स्वरात म्हणते, तोच स्वर माझ्या डोक्यात होता.

कार्डं मुंबईला गेली. लिस्टिंग आलं. सरांनी ते उलगडून टेबलाखालपर्यंत सोडलं आणि समासातल्या चुका शोधायला बोट फिरवलं. तीन जागी "काय हे" छापलं होतं.

"हे तू छापायला लावलंस?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"मोठ्या कॉम्प्युटरकडून?"

"हो."

ते खूप वेळ हसले. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसणं होतं.

पण तिन्ही जागा किरकोळ निघाल्या. दोन तापमानाच्या भागात, एक दिवे लावण्याच्या. दुरुस्त केल्या. पुढचं लिस्टिंग स्वच्छ आलं. आणि त्यातल्या एकाही चुकीने ताका लांब होणं शक्य नव्हतं. माझी चाळणी छान होती. तिच्यातून हवं ते सोडून सगळं निघालं होतं.

सरांनी पुन्हा कपॅसिटर उचलला. "तू सायझिंगवर जा," ते म्हणाले. "रोलरचे पल्स आणि टेपचे मीटर जुळतात का बघ. बसून राहा तिथे. पाटलांचं सूत आलंय."

*

हनीफशेठच्या सायझिंगमध्ये एक बाई यायची म्हणजे ते एक प्रकरणच होतं. रफिकने कुठून तरी पत्र्याची खुर्ची आणून दाराजवळ ठेवली, खळीच्या वाफेपासून लांब. "मॅडम, इधर बैठो. उधर कपड़े खराब होंगे." मी बसले. बोलायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. हे काम मला जमतं.

पल्स आणि टेप जुळत होते. दोनदा बघितलं, दोन्ही वेळा जुळले. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी दाराकडे बघत राहिले.

दारातूनच ऑर्डरी येत होत्या. कागद क्वचितच असायचा. माणूस आत यायचा, मशीनच्या आवाजावरून ओरडून आकडा सांगायचा. एक व्यापाऱ्याचा माणूस आला, पान खात. "रफिक, ताका सौ मीटर!" रफिकने चकत्या शंभरावर फिरवल्या. थोड्या वेळाने अंजूर गावचे एक मागवाले आले. त्यांनीही ओरडून आकडा सांगितला. तो शंभर नव्हता, शंभराच्या वरचा होता. रफिकने तोही जसाच्या तसा लावला.

मला तो वरचा आकडा विचित्र वाटला. कापडाचा ताका असा अडनिड्या लांबीचा कोण मागेल?

मी पाण्याचा ग्लास परत द्यायच्या निमित्ताने उठले. "रफिकभाई," मी विचारलं, "ते आत्ता आले होते, त्यांचा ताका शंभरपेक्षा मोठा असतो?"

"नहीं तो. सौ का ही होता है."

"मग जास्त का सांगितलं?"

रफिकने माझ्याकडे असं पाहिलं की ही डॉक्टरांची मुलगी, एवढंही हिला माहीत नाही. "वो लूमवाले हैं ना. वो ताना बोलते हैं."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. शंभर मीटर कापड विणायला शंभर मीटर ताणा पुरत नाही. उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून जातो, त्या वळणांत थोडी लांबी खर्च होते. म्हणून ताणा थोडा जास्त लागतो. ही वाढ सगळ्यांनाच माहीत असते. आमच्या प्रोग्रॅममध्येही ती होती. सरांच्या रूटीनमध्ये लावलेल्या आकड्यात ती आपोआप मिळवली जायची. त्याचा सरांना अभिमान होता.

"मग जुना काउंटर होता तेव्हा तुम्ही काय करायचात?" मी विचारलं. "व्यापाऱ्याचा माणूस शंभर म्हणाला तर?"

"तो मैं ऊपर का लगाता था. जितना लगता है उतना."

"आणि मागवाले?"

"उनका तो लगाया हुआ ही रहता है. वो अपने लूम का हिसाब करके आते हैं. उसमें क्या लगाना?"

"कोण काय बोलतंय, ते कसं कळायचं?"

रफिकला हे कोणी कधी विचारलं नसावं. बहुतेक त्याने स्वतःलाही नाही. "आदमी देखके," तो शेवटी म्हणाला. मग स्वतःच्या बाजूने पटकन, "आपके साहब ने ही बोला था. मशीन सब करेगी, तुम कुछ मत लगाओ. जो बोले वही घुमाओ. तो मैंने छोड़ दिया."

मी पत्र्याच्या खुर्चीवर परत येऊन बसले. रोलर फिरत होता, पल्स अचूक येत होते. व्यापाऱ्याचे शंभर म्हणजे कापडाचे मीटर. पाटलांचे आणि अंजूरवाल्यांचे ताण्याचे मीटर, वाढ धरून आलेले. आमचा डबा त्यांच्यावर पुन्हा वाढ चढवत होता. माझ्या मॅक्रोंनी दोन्हींना मीटर म्हणून आत सोडलं होतं, कारण मी त्यांना शिकवलंच तेवढं होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण परत जाताना मी भराभरा चालत होते, आणि तीनबत्ती चौकापाशी एका हातगाडीवर आपटता आपटता वाचले.

*

"दोन प्रकारचे मीटर?" सर म्हणाले. "मीटर म्हणजे मीटर. पॅरिसमध्ये ठेवलाय तो."

"भिवंडीत दोन आहेत, सर."

मी रफिकचं सगळं सांगितलं. सर ऐकत होते तसे त्यांच्या कपाळावरच्या आठ्या कमी होत गेल्या. स्पाइकचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. "मग सोपं आहे," ते म्हणाले. "पॅनलवर एक स्विच देऊ. कापड किंवा ताणा. ताणा असेल तर वाढ मिळवायची नाही. झालं."

"नाही, सर."

मी नाही म्हणाले होते हे मला नंतर कळलं.

"तो आकडा तुमच्या रूटीनमध्ये कुठे कुठे जातो ते आपल्याला खात्रीने माहीत नाही. मी मीटरचे दोन प्रकार करते. कापमीटर आणि ताणमीटर. एकातून दुसऱ्यात जायला एकच मॅक्रो, वाढ मिळवणारा. पण मग..." मी थांबले.

"पण मग काय?"

"मार्किंगचं रूटीनही मॅक्रोत लिहावं लागेल. ते उघड्या सूचनांत आहे. असेंबलर तिथे विचारतच नाही."

सरांनी चष्मा काढला. ते रागावतील असं मला वाटलं. ते रागावले की मोठ्याने नाही, हळू बोलतात. "ते रूटीन दोन वर्षं चालतंय," ते हळू म्हणाले.

"हो, सर."

"त्यात चूक असती तर कोणीतरी बोललं असतं."

मला वाद घालता येत नाही. पण पाटलांचा ताका अजून खिडकीत पडला होता. ते नेताना विसरले होते, किंवा मुद्दाम ठेवून गेले होते. मी त्याच्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"घे," असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून आपली पानं काढली. "पण माझ्या नावांचे हात-पाय कापू नकोस."

एक-दोन अक्षरं कापावीच लागली.

लिस्टिंग आलं त्या दिवशी हनीफशेठ गाळ्यातच बसले होते. पाटलांचं सूत वार्पिंग होऊन, म्हणजे उभे धागे जुळवून, आलं आहे, आता किती थांबायचं, हे विचारायला. सरांनी त्यांच्यासमोरच लिस्टिंग उलगडलं. वाढ मिळवण्याचा भाग स्वच्छ होता. बोट खाली गेलं. जिथे मशीन थांबवायचं ठरतं, तिथे ते अडलं.

काय हे.

त्या ओळीत ताक्यांची संख्या आणि ताक्याची लांबी यांचा गुणाकार होता, आणि तो रोलरने मोजलेल्या लांबीशी ताडून बघितला जात होता. गुणाकार कापडाच्या मीटरमध्ये. रोलरची लांबी ताण्याच्या. खुणा मारताना सरांनी वाढ धरली होती. मशीन थांबवताना धरायची राहून गेली होती. म्हणजे खुणा लांब अंतरावर पडत होत्या आणि बीम मात्र आधीच संपत होतं. शेवटचा ताका प्रत्येक बीमवर अपुरा राहत होता. फक्त पाटलांच्याच नाही, सगळ्यांच्या.

सरांनी ओळ दोनदा वाचली. मग मला विचारलं, "सगळ्यांच्या?"

"हो, सर."

"मग दोन वर्षांत कोणी बोललं का नाही?"

हनीफशेठना लिस्टिंगमधलं काही कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. "आखरी ताका? वो तो छोटा निकलताच है, साहब. फेंट में जाता है. पुराने काउंटर पे भी कभी-कभी निकलता था." फेंट म्हणजे उरलेला, कमी लांबीचा तुकडा, तो वेगळ्या भावाने जातो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. "हम समझे, ऊपरवाले की मर्ज़ी."

"ऊपरवाले की नहीं, शेठ," सर म्हणाले. त्यांनी चष्मा परत लावला. "मेरी थी."

मला वाटलं होतं की ती ओळ बघून मला आनंद होईल. झाला, पण थोडासाच. सरांना पेन्सिल हवी होती, ती मी पुढे केली. दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली, माझा मॅक्रो वापरून. नाव लिहिताना ते पुटपुटले, "पाच अक्षरं."

*

स्विच साधाच होता. एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला ताणा, हिंदीत आणि उर्दूत. नवी चिप बसवली. मी रफिकला सांगितलं की आकडा लावण्याआधी दर वेळी विचारायचं, ओळखीचा असला तरी.

"शेठ को भी?"

"शेठना पण."

पाटलांचं बीम लागलं तेव्हा पाटील स्वतः आले होते. दारातून त्यांनी आकडा ओरडून सांगितला. रफिकने चकतीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. "पाटील, कपड़ा या ताना?"

"आं?"

"कपड़ा बोल रहे हो या ताना?"

"आरं, इतकी वर्सं येतंय मी," पाटील म्हणाले. "सकाळच्या पारी परीक्षा घेतस काय माजी? ताना! मागवाला हाय मी, दुकानदार हाय का?"

रफिकने स्विच ताण्याकडे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. पाटलांनी मला तेव्हाच पाहिलं. "तुजंच काम वाटतं हे, बाय," ते म्हणाले. मी मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, हे त्यांनी ठरवावं.

ते बीम वळ गावी गेलं आणि मागावर चढलं. ते विणून होईपर्यंत सर जुना कपॅसिटर उचलायचे आणि परत ठेवायचे. एका सकाळी पाटील आले. हातात ताका नव्हता. ते पंख्याखाली येऊन उभे राहिले.

"सगळे भरले," ते म्हणाले. "मोजून बरोबर. शेवटचा पन पूर्न." मग खिशातून रुमाल काढून मान पुसली. "व्यापाऱ्याचा मानूस आलता मोजायला. दोनदा मोजला भडव्यानं. मी बोललो, मोज, तिसऱ्यांदा मोज. तवा चा घेतला त्यानं आमच्याकडं."

चहा घेतला, एवढंच. पण सरांनी ते ऐकून खुर्ची पुढे केली आणि आमच्याकडेही चहा मागवला. खिडकीतला ताका पाटील जाताना घेऊन गेले. हनीफशेठनी जुना काउंटर भंगारवाल्याला दिला, असं रफिकने सांगितलं. त्यांनी आम्हाला कळवलं नाही. दुसऱ्या मशीनला डबा कधी लावता, एवढंच विचारलं.

या कामातून मी काय शिकले, असं सरांनी मला नंतर विचारलं होतं, कामावर घ्यायच्या नव्या मुलाला सांगता यावं म्हणून. मी म्हटलं, मशीनला तुम्ही शिकवाल तेवढंच वेगळं ओळखता येतं. म्हणून मॅक्रो लिहिण्याआधी दाराजवळ बसावं. सरांना ते फार आवडलं नाही. त्यांना काहीतरी इलेक्ट्रॉनिक्समधलं हवं होतं.

परवा आम्ही दोघं दुसऱ्या मशीनची चाचणी घ्यायला गेलो. सर पॅनलपाशी उभे राहिले आणि आवाजावरून ओरडले, "रफिक, सौ लगाओ!"

रफिकने चकतीवर हात ठेवला. फिरवली नाही.

"कपड़ा या ताना, साहब?"

सरांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं.